दगडावर चढणारा आमचा छोटा ट्रक



तान्ह्या पोळ्याला आपण लाकडी बैलाला दोरी बांधून ओढत नेतो. बैलाच्या पायाखाली चाके असतात. रस्ता सपाट असला तर बैल छान चालतो. पण मधे गोटा आला की बैल आडवा पडतो. दोरी न लावता दुरूनच चालवता येईल आणि गोट्यावरूनही जाईल अशी गाडी कशी करतात, ते मी या लेखात सांगणार आहे. असा एक ट्रक दादाने आणि मी उन्हाळ्याच्या सुटीत तयार केला. दादा आयटीआयला जातो.

अमेरिकेत डोंगरातल्या मोठमोठ्या खडकांवरून खऱ्या जीपगाड्या हळूहळू चढवतात. त्यांच्यासारख्याच छोट्या गाड्या करून त्या रिमोटने चालवायचा पुष्कळ लोकांना छंद आहे. अशी गाडी बहुतेक खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची असते. म्हणजे खरी जीप चार मीटर लांब असेल तर छोटी चाळीस सेंटिमीटर. आमचा ट्रक त्याहूनही लहान आहे, पंचवीस सेंटिमीटरचा.

साहित्य : पिवळ्या डब्बीतल्या गिअर मोटरी चार, चाके चार, पेन्सिल सेल चार, मोडक्या रिमोटच्या गाडीतली पट्टी आणि तिचा रिमोट, प्लायवूडचे दोन तुकडे, एक लांब बोल्ट, सायकलची जुनी ट्यूब, पुठ्ठा, वायर. मोटरी दादाने नागपूरहून बर्डीवरून आणल्या. बाकी सगळे घरचेच.

गाडी हळू का चालते?

नुसती मोटर फार जोरात फिरते, पण तिच्यात ताकद कमी असते. बोटाने धरली तरी थांबते. म्हणून पिवळ्या डब्बीत दातेरी चाके असतात. समजा लहान चाकाला दहा दाते आहेत आणि मोठ्याला चाळीस. मग लहान चाकाचे चार फेरे झाले की मोठ्याचा एक होतो. वेग चौथाई झाला, पण ताकद जवळजवळ चौपट झाली. अशा तीन-चार जोड्या एकापुढे एक लावलेल्या असतात. बाबा चिखलात ट्रॅक्टर लो गिअरमध्ये टाकतात ते यासाठीच.

आमच्या मोटरी मिनिटाला साठ फेरे मारतात. चाकाचा घेर वीस सेंटिमीटर आहे. म्हणजे एका सेकंदात वीस सेंटिमीटर जायला पाहिजे. पण वजनामुळे मोटर थोडी मंद होते. आम्ही अंगणात मोजले. तीन मीटर जायला वीस सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला पंधरा सेंटिमीटर.

चारही चाके जमिनीवर

प्लायवूडचा एकच तुकडा घेतला तर गोट्यावर एक चाक चढते आणि दुसरे हवेत लटकते. लटकलेले चाक नुसते फिरते, काही कामाचे नाही. म्हणून आम्ही दोन तुकडे घेतले आणि मधे गाडीच्या लांबीच्या दिशेने बोल्ट घालून जोडले. आता पुढचा भाग डावीकडे कलला तरी मागचा सरळ राहतो. ट्रॅक्टरचा पुढचा आस पाहा. तोसुद्धा मधोमध एका पिनवर झुलतो.

सेलचा डबा आम्ही खाली, चाकांच्या मधे बांधला. कडबा उंच रचलेली बैलगाडी उतारावर लवकर कलंडते. जड वस्तू खाली असली तर गाडी पडत नाही.

गाडी वळते कशी?

आमच्या ट्रकला स्टिअरिंग नाही. डावीकडच्या दोन मोटरी एकत्र जोडल्या आहेत आणि उजवीकडच्या दोन एकत्र. रिमोटच्या एका खटक्याने डावी बाजू चालते, दुसऱ्याने उजवी. बैलगाडी वळवताना एक बैल जागेवर थांबतो आणि दुसरा पुढे चालतो. तसेच हे आहे.

रिमोटमधून रेडिओच्या लहरी निघतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. गाडीतली पट्टी त्या ओळखते आणि मोटरीला वीज सोडते. निकोला टेस्ला नावाच्या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये अशी रेडिओवर चालणारी छोटी होडी लोकांना दाखवली होती. दोन खेळण्यांचे रिमोट एकाच लहरीचे असले तर एका रिमोटने दोन्ही गाड्या हलतात. म्हणून खेळताना वेगवेगळ्या लहरीचे रिमोट घ्यावे.

सर्वांत दूरची अशी भारतीय गाडी चंद्रावर आहे. चंद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले. त्यातून प्रज्ञान नावाची गाडी बाहेर निघाली. तिचे वजन २६ किलो आणि चाके सहा. वेग सेकंदाला फक्त एक सेंटिमीटर! आमचा ट्रक तिच्यापेक्षा पंधरा पट पळतो. २७ ऑगस्टला तिच्यापुढे तीन मीटरवर चार मीटर रुंद खड्डा आला. तेव्हा शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून तिला मागे फिरायला सांगितले. ती एकूण शंभर मीटर चालली. हळू चालली म्हणूनच खड्ड्यात पडली नाही.

चाकाची पकड

एक मीटरची फळी घेऊन तिच्या एका टोकाखाली एकेक वीट ठेवत गेलो. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत चाकांनी ट्रक तीन विटांपर्यंत चढला आणि मग घसरला. चाकांवर ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्यावर तोच ट्रक सहा विटांपर्यंत चढला. मोटरी त्याच होत्या, सेल तेच होते. म्हणजे नुसती ताकद असून चालत नाही, पकडही लागते.

ट्रक कसा सजवला?

पुठ्ठ्याची केबिन केली. तिला भगवा आणि निळा रंग दिला. मागे 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहिले. आईने काळ्या लोकरीचा गोंडा करून दिला. नंबर एमएच ४० आणि पुढे आमच्या वर्गाचा पट २३. आमचा तालुका भिवापूर, म्हणून ट्रकमध्ये लाल मिरचीची छोटी पोती ठेवली. ती चिंधीची आहेत, पण आत खरी मिरची आहे. वास घेऊ नका, ठसका लागतो.

पांदणीचा प्रयोग

आता महत्त्वाची गोष्ट. मागच्या पावसाळ्यात माझ्या आजीला शेतात विंचू चावला. तिला न्यायला आलेला ऑटो पांदणीत शिरला आणि मधेच रुतला. ड्रायव्हर जितका जोर करत होता तितके चाक खाली जात होते. शेवटी चौघांनी आजीला बाजेवर घालून सडकेपर्यंत आणले. आजी आता बरी आहे. तेव्हा आबा म्हणाले, "जोरानं पळवशीन तं रुतशीनच. बैल हळू काढतो, म्हणून निघतो."

ते खरे आहे का, हे पाहायला आम्ही शाळेच्या मागे तीन पट्टे केले. प्रत्येक पट्टा एक हात रुंद आणि तीन हात लांब. प्रत्येकावर दोन-दोन बादल्या पाणी टाकले.

पहिल्या पट्ट्यात नुसती काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला चिकटते. चाकाच्या खाचा बुजल्या आणि चाक गोळ्यासारखे गुळगुळीत झाले. ट्रक अर्ध्यात रुतला. चाकाखाली पऱ्हाटीच्या काड्या टाकल्या आणि हळू चालवला तेव्हा निघाला. आबांचे बोलणे खरे ठरले.

दुसऱ्या पट्ट्यात काळ्या मातीवर दोन बोटे मुरूम दाबला. पहिल्या दोन फेऱ्या ट्रक मस्त गेला. पण पाणी तिथेच साचून राहिले. मुरूम खाली दबला, माती वर आली आणि तिसऱ्या फेरीला ट्रक रुतला.

तिसऱ्या पट्ट्यातही तेवढाच मुरूम. पण मधला भाग थोडा उंच ठेवला आणि दोन्ही बाजूंनी नाली काढली. पाणी नालीत उतरून गेले. या पट्ट्यावर ट्रक मिरचीची पोती घेऊन वीस वेळा गेला आणि एकदाही रुतला नाही.

मित्रांनो, तुम्हीही असा ट्रक करून पाहा. फक्त सेलच वापरा. घरातल्या बटणाच्या विजेला हात लावू नका. डाग द्यायचे काम मोठ्या माणसाकडून करून घ्या. मोटर गरम झाली तर थोडा वेळ थांबा.

पालकहो, हे तिन्ही पट्टे आम्ही पालकसभेच्या दिवसापर्यंत तसेच ठेवणार आहोत. तुम्ही स्वतः रिमोट हातात घेऊन ट्रक चालवून पाहा. मग आपल्या पांदणीवर जाऊन दोन्ही बाजूंनी नाली कुठे काढता येईल ते ठरवा. पांदणीचे काम निघाले की आधी नाली करा, मग मुरूम टाका.

— इयत्ता चौथी