ज्याची त्याची मूठ

पिस्तूल कितीही महागडं असो, नेम ठरतो त्याच्या लाकडी मुठीवर, हे माझं जुनं मत. कवठे महांकाळहून मिरजेवरून कोल्हापूर गाठायचं आणि दुधाळी रेंजवर नेमबाजांचे हात न्याहाळत बसायचं, हा माझा छंद. राही सरनोबत याच कोल्हापूरची. कोपराच्या दुखापतीतून सावरून तिनं 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं.

पार्श्वभूमी उरकून घेतो. दहा मीटर एअर पिस्तूल एका हातानं, हात लांब करून, कुठेही न टेकवता चालवायचं. वजन दीड किलोच्या आत, ट्रिगरचा दाब किमान 500 ग्रॅम आणि दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं. झालं.

आता मुठीकडे. पकड कमी असण्याची कारणं अनेक: संधिवात, मनगटात दबलेली नस, अर्धांगवायू, नाहीतर नुसतं वय. आमच्याकडे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत दिवसभर कात्री चालवणाऱ्यांची बोटंही संध्याकाळी चहाचा कप धरताना कुरकुरतात. असा माणूस पिस्तूल हाती घेतो आणि भीतीपोटी जास्तच आवळतो. आवळलं की हात थरथरतो, ट्रिगरवरचं बोटही आखडतं आणि गोळी बाजूला जाते. ताकद वाढवण्याआधी आवळण्याची गरज कमी करायला हवी, आणि ते काम मूठ करते.

पिस्तुलाचं वजन मुख्यतः ट्रिगरगार्डखालच्या मधल्या बोटावर येतं. तळव्याखाली एक सरकती फळी असते, तिला रेंजवर ‘पाम शेल्फ’ म्हणतात. अंगठ्याजवळची खोबण आणि ही फळी यांच्यामध्ये हात दर वेळी त्याच जागी बसतो. फळी फार घट्ट केली तर बोटं बधिर होतात, सैल ठेवली तर हात हलतो. मग लाकडावर टोचे मारून खरखरीतपणा आणतात, म्हणजे कमी दाबातही मूठ निसटत नाही. तळव्याच्या खोलगट भागात पोकळी उरली तर लाकडाची पुट्टी भरायची, टोचत असेल तिथे कानस मारायची. कुऱ्हाडीचा दांडा सुतार ज्याच्या त्याच्या हाताला बेतून द्यायचा, तसंच हे. जर्मनीतल्या रिंकसारखे कारागीर तर केवळ मुठीच घडवतात.

रेंजवर संधिवात असलेले एक निवृत्त गुरुजी भेटले. त्यांनी आखूड नळीचं पिस्तूल घेतलं होतं. तोंडाकडचा भार कमी झाल्यानं मनगटाला आराम, असं त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं. दाबलेल्या हवेचं सिलिंडर असलं तर दर गोळीला तरफ ओढायचे कष्टही वाचतात.

मुठीवरून हंगेरीचे कारोली ताकाच आठवतात. 1938 मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात उजवा हात निकामी झाला, म्हणून डाव्या हातानं शिकले आणि 1948 व 1952 च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकले. आपला मनीष नरवाल डाव्याच हातानं टोकियो पॅरालिम्पिकचं 50 मीटरचं सुवर्ण घेऊन आला, 218.2 गुणांनी.

अमेरिकेत 2012 मध्ये एका अपंग माजी सैनिकासाठी पिस्तूल कोपराखाली पट्ट्यानं बांधायचा आधार निघाला आणि त्यावरून पुढे कायद्याची लढाई झाली. आपल्या खेळात असा आधार चालत नाही. दहा मीटरला मूठ हाताला वेढू शकत नाही, फळी वर वळलेली चालत नाही आणि मनगट उघडं हवं. नेमाच्या हातात घड्याळसुद्धा नको. पॅरा नेमबाजीत बंदुकीला स्टँडचा आधार एसएच-2 गटाला मिळतो, पण तो रायफलीपुरता. पिस्तूल फक्त एसएच-1 मध्ये, म्हणजे वजन स्वतः पेलणाऱ्यांसाठी. हात अगदी दुबळा असलेल्या माणसाला पिस्तुलात जागाच नाही, ही मला या खेळातली मोठी उणीव वाटते.

तोवर माझं सांगणं इतकंच: पकड कमी असेल तर नवं पिस्तूल घेण्याआधी प्रशिक्षकाला मूठ दाखवा, फिजिओथेरपिस्टला हात दाखवा. आणि क्लबांनो, दोन-चार डावखुऱ्या आणि फळी सरकवता येणाऱ्या मुठी कपाटात ठेवा. नव्या माणसाचा उत्साह पहिल्या दिवशीच मावळू नये.