वजा तीन, तरी उजवीकडे?

दोस्तांनो, आलेख कागद आणि पेन्सिल घेऊन बसा. आधी य = क्ष² चा आलेख काढू. क्ष ला −२, −१, ०, १, २ या किमती द्या. य येईल ४, १, ०, १, ४. बिंदू हलक्या हाताने जोडले, की झाली छानशी वाटी! तिचा तळ आरंभबिंदूवर टेकलेला असतो.

आता य = क्ष² + ३ घ्या. प्रत्येक उत्तरात ३ मिळवायचे, म्हणून अख्खी वाटी ३ घरं वर सरकते. हे सोपं आहे.

पण य = (क्ष − ३)² काढताना भलेभले फसतात. वजा आहे, म्हणजे वाटी डावीकडे जाणार, असं वाटतं. काढून पाहा बरं! ती चक्क उजवीकडे जाते. काही जण ‘कंसात उलटं’ असं घोकून ठेवतात आणि ऐन परीक्षेत गोंधळतात. त्यापेक्षा कारणच समजून घेऊ या.

मुंबई-पुणे ‘डेक्कन क्वीन’ १ जून १९३० रोजी सुरू झाली. तिच्या संध्याकाळच्या प्रवासाचा आलेख मनात आणा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर. समजा, एके दिवशी गाडी १० मिनिटं उशिरा सुटली आणि पुढे नेहमीच्याच वेगाने गेली. मग सहा वाजता ती कुठे असेल? रोज पाच पन्नासला असते तिथे! म्हणजे वेळेतून १० वजा करायचे आणि नेहमीच्या आलेखात बघायचं. पण प्रत्येक ठिकाणी गाडी पोचते मात्र १० मिनिटं नंतर. म्हणून लेट गाडीचा आलेख उजवीकडे सरकतो.

आपल्या वाटीचंही तसंच. तिचा तळ कुठे असतो? कंसातली किंमत शून्य होते तिथे. क्ष − ३ शून्य व्हायला क्ष ३ च हवा. ही वाटी ३ घरं ‘लेट’ आहे!

तेव्हा लक्षात ठेवा : कंसाबाहेरचा आकडा आलेल्या उत्तरात बदल करतो, म्हणून वाटी वर-खाली जाते. कंसातला आकडा वर्ग करण्याआधीच क्ष मध्ये बदल करतो, म्हणून ती डावी-उजवीकडे जाते. आणि य = −क्ष² घेतलं, तर सगळ्या उत्तरांचं चिन्ह बदलतं, वाटी उपडी!

आता तुमची पाळी. य = (क्ष + २)² − १ या वाटीचा तळ कुठे येईल? आधी नुसतं डोक्याने सांगा, मग किमती मांडून ताळा करा. आईबाबांनाही हे कोडं जरूर घाला!

(उत्तर : आरंभबिंदूपासून २ घरं डावीकडे आणि १ घर खाली.)