तो चमचा, ती सुरी, ते ताट

विद्यार्थी मित्रांनो, मराठी शिकताना तुम्हांला सर्वांत जास्त काय छळते? तुमच्यापैकी पुष्कळजण म्हणतील, "ते"! उर्दूत प्रत्येक वस्तू एक तर मुज़क्कर असते, नाही तर मुअन्नस. म्हणजे पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी. मराठीत मात्र नपुंसकलिंग हे तिसरे लिंगही आहे. 'तो चमचा', 'ती सुरी' इथपर्यंत सारे ठीक चालते. पुढे 'ते ताट' येते आणि गोंधळ सुरू होतो. उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी, म्हणून तुमच्या तोंडून सहज 'माझी पुस्तक' निघून जाते. ऐकणारा हसतो, आणि तुम्हांला वाटते की या भाषेत उगाच अडचणी करून ठेवल्या आहेत.

आज आपण एका दूरच्या भाषेची ओळख करून घेऊ. ती भाषा आहे जर्मन. तिच्या गमतीजमती पाहता पाहता तुम्हांला एक आश्चर्य दिसेल. उर्दू आणि मराठी या दोन भाषा ज्याला येतात, त्याने जर्मनचा बराच रस्ता घरबसल्या आधीच चालून टाकलेला असतो.

तुम्ही म्हणाल, जर्मन भाषेचा आणि आपल्या गावाचा काय संबंध? छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत 'इंडो-जर्मन टूल रूम' ही संस्था आहे. ती जर्मनीच्या सहकार्याने उभी राहिली. यंत्रांना लागणारे साचे आणि हत्यारे कशी बनवावीत, याचे शिक्षण तेथे तरुणांना मिळते. शेंद्र्याला स्कोडा मोटारींचा कारखाना आहे. ही कंपनी मूळची चेक देशातली, पण आता ती जर्मनीच्या फोक्सवागन उद्योगसमूहात आहे. शिवाय 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी करार केला. आपल्याकडील कुशल तरुणांना जर्मन भाषा शिकवून तेथे कामाची संधी द्यावी, असा त्याचा हेतू आहे. तेव्हा ही भाषा उद्या तुमच्यापैकी कोणाच्याही दारी येऊ शकते.

आता पहिली गंमत. जर्मन माणूस जेवायला बसतो तेव्हा त्याच्या ताटाशेजारी तीन वस्तू असतात. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी! 'डेर', 'डी' आणि 'डास' हे छोटे शब्द नामाच्या आधी लावून तो लिंग सांगतो: 'डेर ल्योफेल', 'डी गाबेल', 'डास मेसर'. हे तीन शब्द म्हणजे जणू आपले 'तो', 'ती' आणि 'ते'. ज्याला फक्त इंग्रजी येते, तो येथे डोक्याला हात लावतो. कारण इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंगाची भानगडच नसते. मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने 1880 मध्ये जर्मन भाषेच्या अशा खोड्यांवर एक विनोदी निबंधच लिहिला. मराठी येणाऱ्या मुलाला मात्र तीन लिंगांचे नवल वाटत नाही. कोणत्या शब्दाचे लिंग कोणते, हे त्याला पाठ करावे लागते. पण तिसरे लिंग असू शकते, हे त्याला नव्याने समजावून सांगावे लागत नाही.

जर्मन भाषेत 'मेडशेन' म्हणजे मुलगी, आणि हा शब्द चक्क नपुंसकलिंगी आहे. असे का? या शब्दाच्या शेवटी 'शेन' हा प्रत्यय आहे. तो लावला की वस्तू लहान किंवा लाडकी होते, आणि असा प्रत्येक शब्द नपुंसकलिंगी होतो. आता आपल्या मराठवाड्यातले शब्द आठवा. लेकरू, वासरू, कोकरू, पिल्लू. सारी लहान आणि लाडकी, आणि सारी 'ते'! ते लेकरू मुलगा असो की मुलगी, त्याला आपण 'ते लेकरू'च म्हणतो. म्हणजे जर्मन माणसाची खोडी आपल्या अंगणातही आहेच.

आणखी एक उदाहरण तुम्हांला विशेष आवडेल. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी आहे. मराठीत आणि उर्दूत दोन्ही पुल्लिंगी. पण तुमच्यापैकी जे अरबी शिकले आहेत, त्यांना ठाऊक असेल की अरबीत 'शम्स' मुअन्नस आणि 'क़मर' मुज़क्कर आहे. जर्मनचा हा हिशेब अरबीशी जुळतो.

आता उच्चारांकडे वळू. जर्मनमध्ये पुस्तकाला 'बूख़' म्हणतात. शेवटचा आवाज तुमच्या 'ख़बर' आणि 'ख़त'मधला. पुष्कळ मराठी मुलांना तो 'ख़' घशातून काढता येत नाही. ती 'बूख' म्हणतात. तुम्हांला तो घरीच मिळाला आहे. उलट जर्मनमधील वेळेचा शब्द आहे 'त्साइट', आणि दहाचा 'त्सेन'. हा 'त्स' उर्दूत नाही. पण मराठी माणूस 'चाक' आणि 'चोर' कसे म्हणतो, ते कान देऊन ऐका. 'चोर' हा शब्द उर्दूतही आहे; पण मराठीतला 'च' दातांजवळून येतो आणि 'त्स'च्या जवळचा असतो. 'ख़' उर्दूने दिला आणि 'त्स' मराठीने.

जर्मन भाषेत शब्दाला शब्द जोडून नवा शब्द करण्याची मोठी हौस आहे. हातमोज्याला जर्मन माणूस 'हांटशू' म्हणतो, म्हणजे 'हाताचा बूट'. आपण हसतो, पण मराठीत 'हातमोजा' म्हणजे तरी काय? हाताचा मोजा! उर्दूतल्या 'दस्ताना'मध्येही 'दस्त' म्हणजे हातच आहे. रुग्णालय म्हणजे 'क्रांकनहाउस', आजाऱ्यांचे घर. मराठीत रुग्ण आणि आलय, उर्दूत शिफ़ा आणि ख़ाना. तिघांची रीत एकच. दूरचित्रवाणी संच म्हणजे 'फेर्नझेअर', दूर पाहणारा. आपल्या 'दूरदर्शन'चा सख्खा भाऊच. कासवाला तर जर्मन माणूस 'ढालवाला बेडूक' म्हणतो. अशी जोडाजोडी करता करता आगगाडीसारखे लांब शब्द तयार होतात. 'डोनाउडाम्फशिफफार्ट्सगेझेलशाफ्ट' हा एकच शब्द आहे! त्याचा अर्थ 'डोनाउ नदीवर आगबोटी चालवणारी कंपनी'. घाबरू नका. डबे सुटे केले की गाडी सोपी होते: डोनाउ, वाफ, जहाज, प्रवास, कंपनी.

संख्यांमध्येही गंमत आहे. इंग्रजीत पंचेचाळीस म्हणताना आधी चाळीस आणि मग पाच येतात. जर्मन माणूस 'पाच आणि चाळीस' म्हणतो. इंग्रजीची सवय असलेला माणूस जर्मन आकडा ऐकून लिहू लागला की त्याचे अंक उलटेपालटे होतात. आपण मात्र 'पंचेचाळीस' किंवा 'पैंतालीस' म्हणताना पाचच आधी उच्चारतो. शिवाय आपल्या 'एकोणतीस'कडे पाहा. तीस व्हायला एक कमी, म्हणून एकोणतीस! जर्मनमध्ये ही भानगड नाही. तेथे सरळ 'नऊ आणि वीस'. तेव्हा दुसऱ्याच्या भाषेला विचित्र म्हणण्याआधी आपली उजळणी एकदा म्हणून पाहावी.

वेळ सांगताना मात्र सावध राहा. जर्मन मित्र म्हणाला, 'हाल्प ड्राइ' वाजता ये. शब्दशः अर्थ 'अर्धे तीन'. तुम्हांला वाटेल, साडेतीन. तुम्ही साडेतीनला पोहोचाल, आणि मित्र तासभर वाट पाहून गेलेला असेल. कारण 'हाल्प ड्राइ' म्हणजे अडीच! दोन पूर्ण झाले आणि तिसरा तास अर्धा झाला, असा तो हिशेब आहे. हे उलटे वाटते ना? पण आपला 'अडीच' आणि उर्दूचा 'ढाई' हे दोन्ही शब्द 'अर्धतृतीय' या एकाच संस्कृत शब्दापासून आले आहेत. त्याचा अर्थही 'तिसरा अर्धा' असाच आहे. आपण तो अर्थ विसरलो, जर्मन माणसाने अजून जपला आहे.

इतकी साम्ये कशी, असा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. त्यातील काही साम्ये केवळ योगायोगाची आहेत; जगात माणसे सारखा विचार करतात, म्हणून शब्दही सारखे घडतात. पण काही साम्ये रक्ताच्या नात्याची आहेत. 1786 मध्ये कोलकात्यात सर विल्यम जोन्स या न्यायाधीशाने एक विचार मांडला: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळापासून निघाल्या असाव्यात, फारसी आणि जर्मनही त्याच कुळातल्या असाव्यात. पुढे अभ्यासकांनी हे नाते पुराव्यांनी दाखवून दिले. तुम्हीही ते पाहू शकता. जर्मनमध्ये आईला 'मुटर', भावाला 'ब्रूडर' आणि मुलीला म्हणजे कन्येला 'टोख़्टर' म्हणतात. फारसीत 'मादर', 'बरादर', 'दुख़्तर'. संस्कृतात 'माता', 'भ्राता', 'दुहिता'. उर्दूत आपण 'मादरी ज़बान' म्हणतो, मराठीत 'मातृभाषा', आणि जर्मन माणूस म्हणतो 'मुटरश्प्राख़े'. तिन्ही ठिकाणी भाषा आईचीच.

भाषेइतकीच रोजची वागणूकही वेगळी असते. समजा, तुम्ही मित्राकडे गेलात. त्याच्या आईने खाण्याची बशी पुढे केली. तुम्ही पहिल्यांदा 'नको' म्हणता. उर्दूत याला तकल्लुफ़ म्हणतात. मग मराठी घरात आग्रह होतो, उर्दू घरातही होतो, आणि तिसऱ्या वेळी तुम्ही घास उचलता. जर्मन घरात असे केलेत, तर बहुधा उपाशी राहाल! तेथे 'नको' म्हणजे नको. इतकेच काय, पुढे केलेल्या बशीकडे पाहून नुसते 'डांके', म्हणजे 'धन्यवाद', म्हटले तरी त्याचा अर्थ 'नको' असा होऊ शकतो. यात यजमानाचे प्रेम कमी नसते. पाहुण्याचा शब्द खरा मानणे, हाच त्याच्या लेखी पाहुण्याचा मान असतो.

वेळेचे आणि शांततेचेही तसेच. तीनला बोलावले म्हणजे तीनला जायचे. उशीर होणार असेल तर आधी कळवायचे. रविवारी आपल्याकडे बाजार फुलतो, तर जर्मनीत बहुतेक दुकाने कायद्याने बंद असतात. त्या दिवशी भिंतीत खिळे ठोकू लागलात, तर शेजारी दार ठोठावेल. विद्यापीठात व्याख्यान संपले की विद्यार्थी टाळ्यांऐवजी बाकावर बोटांच्या मुठीने ठकठक करतात. आपल्या वर्गात असे केले, तर काय होईल ते सांगायला नको! अर्थात, सगळेच जर्मन अगदी असेच वागतात, असे समजू नका. माणसे सगळीकडे वेगवेगळी असतात.

शेवटी एक नाजूक गोष्ट. जर्मनमध्ये जवळच्या माणसाला 'डू' आणि परक्या किंवा मोठ्या माणसाला 'ज़ी' म्हणतात. दुकानदाराला 'डू' म्हटले, तर तो उद्धटपणा ठरू शकतो. पण आई, वडील आणि परमेश्वर यांना मात्र 'डू'च म्हणायचे. हे ऐकून तुम्ही दचकाल. उर्दू घरात मूल म्हणते, "अम्मी, आप बैठिए." आणि शेजारच्या मराठी घरात मूल म्हणते, "आई, तू बस." तुम्हांला वाटते, हा मुलगा आईचा मान राखत नाही. त्यालाही वाटत असेल, हा आपल्या आईशी परक्यासारखा का बोलतो? दोघांचेही अनुमान चुकते. एका भाषेने आईवरचा आदर शब्दात ठेवला, दुसरीने जवळीक ठेवली. आणि दुआ मागताना उर्दू बोलणारा माणूसही अल्लाहला 'तू'च म्हणतो. सर्वांत मोठा जो, तोच सर्वांत जवळचा. मग आईला 'तू' म्हणणाऱ्या मुलाचे मन समजायला कितीसा वेळ लागणार?

मित्रांनो, जर्मनी आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर आहे. तेथे जाण्याची संधी मिळेल त्याला मिळेल. पण मराठी बोलणारा शेजारी भिंतीपलीकडे आहे, आणि त्याला तुमची उर्दू जितकी नवी, तितकीच तुम्हांला त्याची मराठी नवी. म्हणून आज एक काम करा. वहीच्या एका पानावर 'तो', 'ती', 'ते' असे तीन रकाने आखा. घरातल्या तीस वस्तूंची मराठी नावे त्यांत लिहा. जेथे अडेल, तेथे शेजारच्या मराठी मित्राला विचारा. बदल्यात त्याला 'ख़बर' मधला 'ख़' म्हणायला शिकवा. तो चुकला तर हसू नका. तुमचा 'ते' चुकला, तर तोही हसणार नाही.