भिंतीवरची शेवाळी आणि झाडावरची खार

बंगळुरूच्या दक्षिणेस १९७८ पासून वसत गेलेली इलेक्ट्रॉनिक सिटी संगणक-उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात मात्र तेथील आवारभिंतींवर मखमलीसारखा हिरवा थर चढतो आणि रस्त्याकडेच्या झाडांवरून खारी धावताना दिसतात. हिरवा थर शेवाळीचा. शेवाळी आणि खार हे दोन्ही सजीव; पण वर्गीकरणाच्या पहिल्याच पायरीवर, म्हणजे सृष्टीपाशी, त्यांची ताटातूट होते.

शेवाळीला बोलीभाषेत सरसकट ‘शेवाळ’ म्हणतात. ही चूक क्षम्य असली तरी चूकच होय. साचलेल्या पाण्यावरचे शेवाळ हा शैवालांचा निराळा गट. शेवाळी ही वनस्पतिसृष्टीच्या ब्रायोफायटा विभागात मोडते. तिला खरी मुळे, फुले किंवा बिया नसतात. ती बीजाणूंनी पसरते आणि फलनासाठी तिला पाण्याचा पातळ थर लागतो. म्हणूनच या विभागाला वनस्पतिसृष्टीतील उभयचर म्हटले जाते. अनेक शेवाळी उन्हाळ्यात वाळून काळवंडतात आणि पहिल्या सरीनंतर पुन्हा हिरव्या होतात.

खार ही प्राणिसृष्टीतील, सस्तन वर्गातील आणि उंदीर, साळिंदर यांच्यासह कृंतक गणातील. या गणातील प्राण्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात. तेव्हा कुरतडणे ही तिची खोडी नसून गरज आहे. दक्षिण भारतात सर्वत्र दिसणाऱ्या, पाठीवर तीन पट्टे असलेल्या खारीचे शास्त्रीय नाव फुनॅम्ब्युलस पामारम.

कोणती जाती किती धोक्यात आहे, हे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीवरून कळते. ही यादी १९६४ मध्ये सुरू झाली. तीत ही खार ‘किमान चिंतेची’ ठरली आहे. परंतु एका गणातील सर्वांचे दैव सारखे नसते. पुण्याजवळील सिंहगडावर सापडलेल्या आणि गडाच्या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोंढाणा उंदराचे वर्णन १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. तो याच यादीत ‘संकटग्रस्त’ आहे.

शेवाळीच्या जगभर सुमारे बारा हजार जाती आहेत. त्यांतील बहुतेकींचे जागतिक मूल्यमापनच झालेले नाही. ‘मूल्यमापन न झालेली’ याचा अर्थ ‘सुरक्षित’ असा नव्हे. तिची मोजदाद झालेली नाही, इतकाच. त्याचे एक कारण साधे आहे. शेवाळीची जाती निश्चित करण्यासाठी बहुधा तिच्या इवल्या पानांतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. खार मात्र कार्यालयाच्या खिडकीतूनही ओळखता येते.