सर्व्हरवरील सिस्टिम पार्टिशनचा विस्तार
कार्यालयीन सर्व्हरचे ‘सी’ पार्टिशन पूर्ण भरल्यास अद्ययावतीकरण थांबते आणि प्रवेश व परीक्षाविषयक कामकाज ठप्प होण्याचा धोका संभवतो. ‘विंडोज सर्व्हर २००३’मधील ‘डिस्कपार्ट’द्वारे सिस्टिम पार्टिशन वाढविता येत नसे, ‘विंडोज सर्व्हर २००८’पासून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ ही सुविधा उपलब्ध झाली. मात्र त्यासाठी रिकामी जागा त्याच डिस्कवर, ‘सी’ला लागून उजवीकडे असावी लागते. शेजारील ‘डी’ पार्टिशन आकुंचित करूनही हेतू साध्य होत नाही. कारण मोकळी झालेली जागा ‘डी’च्या शेवटी निर्माण होते. अशा वेळी ‘डी’मधील माहिती अन्यत्र हलवून ते काढून टाकणे, हा एक मार्ग उरतो. म्हणूनच संपूर्ण बॅकअप घेणे व तो पुनर्स्थापित होतो याची खात्री करणे, ही विस्ताराची पहिली पायरी होय.