थरांवर थर : नायट्राइड लेपांचे काठिन्य

पोलादात छिद्रे पाडणारी काही गिरमिटे सोन्यासारखी पिवळी दिसतात. हा रंग शोभेचा नव्हे. टायटॅनियम व नायट्रोजन यांच्या संयोगाने बनलेल्या नायट्राइडाचा तो लेप होय. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चार पट, तरीही हत्याराची धार तो पुष्कळ काळ राखतो. याहून कठीण लेप करता येईल काय, हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

स्फटिक दाबला असता त्यातील अणूंची अख्खी रांग एकदम सरकत नाही. रचनेत कोठेतरी एक दोष असतो. जड जाजमावरील सुरकुती हाताने लोटीत न्यावी, तसा तो पुढे सरकतो. यास स्थानभ्रंश म्हणतात. त्याची वाट अडविली की पदार्थ कठीण होतो. १९७० साली कोहलर यांनी सुचविले की, कमी व अधिक ताठ अशा दोन पदार्थांचे अत्यंत पातळ थर आलटूनपालटून रचावेत, म्हणजे कमी ताठ थरातील दोष दुसऱ्यात शिरताना अडेल.

१९८७ साली हेल्मरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियम नायट्राइड आणि व्हॅनेडियम नायट्राइड यांचे असे थर मॅग्नेशियम ऑक्साइडाच्या स्फटिकावर चढविले. दोन्ही धातू समप्रमाणात मिसळलेल्या नायट्राइडाचे काठिन्य दर चौरस मिलिमीटरला २,०३५ किलोग्रॅम भरले. थरांची प्रत्येक जोडी ५.२ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांशाच्या सुमारे पाचपट, जाडीची ठेवताच ते ५,५६० झाले! मापनात हजारभराची अनिश्चितता होती खरी. पण वाढ तिच्याहून फारच मोठी आहे. जोडी ७.५ नॅनोमीटरची केली, तेव्हा काठिन्य ३,९५० वर उतरले. थर फार पातळ झाले तरीही ते घटते, कारण सीमा पुसट होऊन अडसर दुबळा पडतो. पुढे जवळपास सारख्याच ताठपणाच्या नायट्राइडांची जोडी घेतली असता काठिन्य फारसे वाढले नाही. कोहलर यांच्या तर्काला ही चांगलीच पुष्टी होय.

स्फटिकावरील यश कारखान्यात उपयोगी पडेलच असे नाही. म्हणून १९९२ साली हत्यारांच्या पोलादावर टायटॅनियम व नायोबियम यांच्या नायट्राइडांचे थर दिले गेले, ही गोष्ट अधिक मोलाची. तेथेही काठिन्य ५,००० च्या घरात गेले.

असे आकडे वाचताना एक पथ्य पाळावे लागते. हिऱ्याच्या टोकाने पाडलेला खळगा लेपाच्या जाडीच्या दशांशाहून खोल गेला, तर खालचे मऊ पोलादही दबते आणि मोजले जाते ते लेप व पोलाद या दोहोंचे मिश्र काठिन्य.