लेकराच्या मूत्रपिंडात चुना कुठून आला?

लेकरांची मूत्रपिंडं : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण मुतखड्याबद्दल बोललो. पाथरीतल्या अनेक घरांत त्याला पथरी म्हणतात. खडा मूत्रमार्गाच्या पोकळीत असतो, सरकतो, कळा आणतो, कधी लघवीवाटे पडूनही जातो. आजचा आजार त्याचाच भाऊबंद, पण वेगळा. यात कॅल्शियमचे क्षार मूत्रपिंडाच्या मांसातच बारीक कणांनी रुतून बसतात. बहुधा दुखत नाही, म्हणून उशिरा कळतं. पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर एक शब्द येतो : नेफ्रोकॅल्सिनोसिस.

तो शब्द ऐकला की घरचे बोअरच्या जड पाण्याला दोष देतात आणि लेकराचं दूध तोडतात. जड पाणी हे या आजाराचं कारण नाही. आणि दूध तोडलं तर हाडं कच्ची राहतात. शिवाय आतड्यात कॅल्शियम कमी पडलं की अन्नातलं ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि तेही लघवीत उतरतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दूध बंद करू नका.

खरा प्रश्न असा, की लघवीत एवढं कॅल्शियम आलं कुठून? आपल्या भागात या प्रश्नाची सुरुवात अनेकदा वाकड्या पायांपासून होते. पाय धनुष्यासारखे वाकले की मुडदूस म्हणतात आणि डी जीवनसत्त्व देतात. बहुतेक मुलांना त्याने गुण येतो. पण काही मुलांचा मुडदूस निराळा असतो. त्यांच्या मूत्रपिंडाला रक्तातलं आम्ल बाहेर टाकता येत नाही. आम्ल साचतं, ते मारायला हाडं आपलं कॅल्शियम सोडतात आणि ते लघवीत उतरतं. लघवीत आम्ल नसल्याने आणि क्षार विरघळवून ठेवणारं सायट्रेटही कमी असल्याने कॅल्शियम तिथेच बसतं. अशा लेकराचं वजन वाढत नाही, ते रात्री उठून पाणी मागतं, सारखी लघवी करतं, उलट्या करतं. काहींना ऐकूही कमी येतं. त्याला पुन्हा पुन्हा डी जीवनसत्त्वच देत राहिलं, तर कॅल्शियमचा भार आणखी वाढतो.

हिशेब साधा आहे. तान्ह्या बाळाला रोज ४०० युनिट पुरतात. दुकानात मिळणाऱ्या एका पुडीत ६०,००० युनिट असतात. म्हणजे बाळाची १५० दिवसांची मात्रा एका पुडीत. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लगेच निघून जात नाही. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरीत आणि इतर आहारात ते सढळ हाताने घातलं गेलं. बाळांच्या रक्तात कॅल्शियम वाढल्याचे रुग्ण दिसू लागले आणि सरकारला मात्रा कमी करावी लागली.

बाकीची कारणं थोडक्यात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना लघवी वाढवणारं औषध बरेच दिवस द्यावं लागलं, तर क्षार साचू शकतात. काही दोष जन्मजात असतात. त्यातल्या एकात यकृतच ऑक्झलेट प्रमाणाबाहेर बनवतं. मामाच्या, आत्याच्या घरात सोयरीक करायची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिच्यामुळे आई-बाप दोघांकडून एकच सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते.

आता निदान. निरोगी लेकराच्या मूत्रपिंडात सोनोग्राफीच्या पडद्यावर काळपट तिकोन गोलाकार मांडलेले दिसतात. क्षार साचले की तेच तिकोन पांढरे उजळतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ते एरवीही उजळ दिसू शकतात आणि आपोआप निवळतात, म्हणून तेवढ्यावर घाबरू नये. सोनोग्राफी जागा दाखवते, कारण नाही. कारण रक्त-लघवीतून कळतं. रक्तात क्रिएटिनिन, कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, डी जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉईड संप्रेरक पाहतात. लहान मुलाची २४ तासांची लघवी गोळा करणं अवघड, म्हणून एकाच नमुन्यात कॅल्शियमचं क्रिएटिनिनशी प्रमाण काढतात. मोठ्या मुलात ते साधारण ०.२ च्या आत हवं. तान्ह्या बाळात ०.८ पर्यंतही चालतं, म्हणून रिपोर्ट वयाशी ताडूनच वाचावा लागतो. रक्त आम्लधर्मी असूनही लघवीचा पीएच ५.५ च्या वरच राहिला, तर आम्ल न टाकणाऱ्या मूत्रपिंडाचा संशय पक्का होतो.

हे निदान वेळेवर झालं, तर रोजच्या अल्कलीच्या औषधाने लेकरू वाढीला लागतं. बसलेले क्षार सहसा पुरते जात नाहीत, पण पुढचं नुकसान रोखता येतं.

म्हणून पाथरीच्या आई-बापांना एवढंच सांगणं आहे. अंगणवाडीत लेकराचं वजन महिनोन्‌महिने तिथेच अडलं असेल, किंवा तीन महिने उपचार करूनही पाय सुधारत नसतील, तर आणखी एक पुडी आणू नका. आधी रक्त-लघवी तपासा. परभणीला किंवा नांदेडला दाखवायला निघाल तेव्हा आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि रिकाम्या पुड्याही पिशवीत घ्या. किती डोस गेले, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.